अण्णांना 'आता काही करण्यासारखं नाही' म्हणालेत. ईईसीपीचा कुणाला अनुभव?

खटखट्या
12 नोव्हेंबर, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय 72. सोलापुरात साखर पेठेतल्या एका कापड कारखान्यात 30 वर्षं जॉबर (मागांची जुळणी-दुरुस्ती बघणारा) होते. 2008 ला पुण्यात बायपास झाली, 2017 ला दोन स्टेंट. गेल्या महिन्यात परत छातीत भरून यायला लागलं म्हणून अँजिओग्राफी केली. बायपासमध्ये जोडलेल्या जुन्या तीन नळ्यांपैकी (ग्राफ्ट) दोन बंद. मूळच्या नळ्या मधुमेहामुळे टोकापर्यंत दोऱ्यासारख्या बारीक झाल्यात. डॉक्टर म्हणाले, "स्टेंट ठेवायला जागाच नाही, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) बघता दुसऱ्यांदा बायपास नको. गोळ्या चालू ठेवा." दुसरं मत घेतलं, तिथंही तेच ऐकलं. हृदयाचं पंपिंग 40 टक्के आहे.

सध्याची अवस्था अशी : आंघोळ झाली की छाती दाबते. जेवून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले की परत दाबते. दिवसाला जिभेखालच्या सॉर्बिट्रेटच्या चार-पाच गोळ्या होतात. ज्या माणसानं दिवसभर वीस मागांच्या मधून फेऱ्या मारल्या तो आता चहाचा कप उचलायच्या आधी विचार करतो.

परवा शहरातल्या एका केंद्राची जाहिरात हातात पडली. 'विना ऑपरेशन नैसर्गिक बायपास! ब्लॉकेज विरघळवा!' उपचाराचं नाव ईईसीपी. 35 दिवस रोज एक तास पायाला पट्टे बांधतात म्हणे. पैसे लाखाच्या आसपास सांगितले. हे खरं आहे की लोकांच्या भीतीवर चाललेला धंदा?

---

कडकभाकरी
12 नोव्हेंबर, रात्री 11:48

'ब्लॉकेज विरघळवा' असं लिहिलेल्या कागदात भजी बांधून घ्यायची असतात. बाकी जाणकार सांगतील. अण्णांना लवकर आराम पडो.

---

स्टेथोस्कोप
13 नोव्हेंबर, सकाळी 7:05

मी फिजिशियन आहे, पण तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही. त्या मर्यादेत बोलतो.

आधी एक भीती घालवतो. पंपिंग 40 म्हणजे शंभरपैकी 40 मार्क नव्हेत. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण 55 ते 70 टक्के टाकतं. 40 कमी आहे, पण घरचे समजतात तेवढं भयंकर नाही.

ईईसीपी हा खरा उपचार आहे, जाहिरात खोटी आहे. त्यानं ब्लॉकेज विरघळत नाही. एक कणही नाही. 35 बैठकांनंतर अँजिओग्राफी केली तर चित्र तेच दिसेल.

मग होतं काय? पोटऱ्या, मांड्यांचा खालचा भाग आणि मांड्यांचा वरचा भाग-नितंब अशा तीन ठिकाणी रक्तदाबाच्या पट्ट्यासारखे, पण बरेच मोठे पट्टे बांधतात. छातीला ईसीजी लावलेला असतो. हृदय ठोका मारून सैल पडलं की पट्टे खालून वर एकापाठोपाठ फुगतात आणि पायातलं रक्त वर रेटतात. पुढचा ठोका पडायच्या आत सगळे एकदम सुटतात. इतर अवयवांना जास्त रक्त मिळतं ते हृदय आकुंचन पावताना, हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मात्र मुख्यतः ते सैल असताना मिळतं. नेमक्या त्या वेळी दाब वाढवायचा ही यातली युक्ती. पट्टे सुटले की पायातल्या नळ्या मोकळ्या होतात, त्यामुळे पुढच्या ठोक्याला हृदयाला जोरही कमी लावावा लागतो. आयसीयूत जांघेतून महाधमनीत फुगा घालतात त्याचं हेच तत्त्व, इथं फक्त शरीरात काही घालत नाहीत.

परिणाम कोर्स संपल्यावरही महिनोन्‌महिने टिकतो, तो का, यावर वाद आहे. नळ्यांच्या आतल्या अस्तराचं काम सुधारतं आणि बारीक पर्यायी वाटा उघडतात, अशी मांडणी आहे.

अमेरिकेच्या एफडीएनं 1995 मध्ये मान्यता दिली. युरोपच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत हे 'विचार करता येईल' या दुय्यम दर्जावर आहे, आणि तेही बाकी सगळं करून झालेल्या रुग्णांसाठी. तुमचे अण्णा त्या गटात बसतात असं वाटतं. ज्याची बायपास होऊ शकते त्यानं ती टाळण्यासाठी याकडे वळणं म्हणजे घात.

आणि एक विचारतो : अण्णांची बसल्याजागी नाडी किती? कोणत्या गोळ्या, किती वाजता?

---

खटखट्या
13 नोव्हेंबर, दुपारी 1:30

डॉक्टरसाहेब, फार आभार. नाडी 84. मेटोप्रोलॉल 25, मोनोनायट्रेट सकाळी 8 आणि रात्री 8, ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन, मेटफॉर्मिन, बीपीची एक.

तुमचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हे तर मागाच्या टायमिंगसारखं झालं. ताण्याचे उभे दोर वरखाली उघडले की त्या फटीतून आडव्या धाग्याचा धोटा गेला पाहिजे. आधी गेला की अडकतो, उशिरा गेला की दोर तुटतात. मशीन चालवणारा पोरगा जॉबर आहे का नुसता हेल्पर, एवढं विचारून ये."

---

स्टेथोस्कोप
13 नोव्हेंबर, रात्री 9:15

अण्णांना नमस्कार सांगा, इतकं सोपं मलाही सांगता आलं नसतं. चुकीच्या वेळी पट्टा फुगला तर हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. म्हणूनच नाडी फार अनियमित असेल तर हा उपचार नीट देता येत नाही.

मशीनच्या आधी गोळ्यांकडे बघा. नाडी 84 म्हणजे बीटा ब्लॉकर (तुमचं मेटोप्रोलॉल) वाढवायला जागा असू शकते, अशा रुग्णात ती 60 च्या आसपास असलेली बरी. मोनोनायट्रेट 12-12 तासांनी दिलं तर शरीराला त्याची सवय होते आणि गुण कमी होतो. बहुतेक वेळा सकाळी आणि दुपारी देऊन रात्र मोकळी सोडतात. रॅनोलाझिन, निकोरँडिल, इव्हाब्राडीन हे छातीदुखीवरच्या गोळ्यांचे पर्याय अजून वापरलेले दिसत नाहीत. पण रॅनोलाझिन घेणाऱ्याला मेटफॉर्मिनच्या डोसवर मर्यादा येते, त्यात मूत्रपिंड कमजोर, आणि निकोरँडिलनं काहींना तोंडात चिघळणारी जखम होते. म्हणून मनानं काही बदलू नका, तुमच्या कार्डिओलॉजिस्टला विचारा.

ईईसीपीआधी इको, पोटाची सोनोग्राफी आणि पायांचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) हवाच. महाधमनीची झडप बऱ्यापैकी गळत असेल, पोटातली महाधमनी फुगलेली असेल, पायाच्या शिरेत गुठळी असेल, पायाच्या धमन्याच खूप बंद असतील, बीपी 180 च्या वर राहत असेल, तर नाही. जे केंद्र हे न तपासता पहिल्या दिवशीच पट्टे बांधतं तिथून चपला घालून परत या.

---

शंकासुर
14 नोव्हेंबर, सकाळी 10:40

रंगाचा बेरंग करतो, क्षमस्व.

1950 च्या दशकात छातीतल्या एका धमनीला गाठ मारायची शस्त्रक्रिया जोरात होती. गाठ मारली की हृदयाकडे जास्त रक्त वळतं म्हणे. रुग्ण खूश. 1959 मध्ये काही रुग्णांना नुसती कातडी कापून शिवलं, गाठ मारलीच नाही. तेही तेवढेच खूश! ऑपरेशन बंद पडलं. छातीतलं दुखणं हे लक्षण असं आहे की ते विश्वासानंही कमी होतं.

ईईसीपीची जी मुख्य चाचणी आहे, मस्ट-ईईसीपी, 1999 ची, तिच्यात अवघे 139 रुग्ण. निम्म्यांना खरा दाब, निम्म्यांना नाटकापुरता 75 मिमी. ट्रेडमिलवर एकूण किती वेळ चालले यात दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यातला फरक ठोस नव्हता. आयुष्य वाढतं का, अ‍ॅटॅक टळतो का, याचं उत्तर त्या चाचणीत नाही. लाख रुपये घालायच्या आधी एवढं माहीत असू द्या.

---

स्टेथोस्कोप
14 नोव्हेंबर, दुपारी 2:10

शंकासुर, सगळं बरोबर, पण अर्धं सांगितलंत. त्याच चाचणीत ईसीजीत रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण दिसायला लागणारा वेळ खऱ्या गटात वाढला, नाटकाच्या गटात जवळजवळ जागच्या जागी राहिला. छातीत दुखण्याच्या वेळाही खऱ्या गटात जास्त कमी झाल्या. हां, पाय दुखणं, कातडी सोलवटणं हेही त्याच गटात जास्त.

आयुष्य वाढतं असं मी कुणालाच सांगत नाही. पण साध्या स्थिर रुग्णात स्टेंटचंही तसंच आहे. 2007 चा करेज आणि नंतरचा इस्केमिया, 5179 रुग्णांचा, या दोन्ही अभ्यासांत नीट गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. लक्षणं कमी करणं हेही डॉक्टरचं काम आहे. 72 वर्षांच्या माणसाला आंघोळ सुखानं करता येणं ही छोटी गोष्ट नाही.

---

नैसर्गिक_आरोग्य
14 नोव्हेंबर, सायंकाळी 6:33

ईईसीपीसोबत कीलेशन (सलाइनमधून औषध) केले तर नसांमधील कॅल्शियम धुऊन निघते. 40 सलाइनमध्ये शरीर शुद्ध. ॲलोपॅथीवाले हे लपवतात. माहितीसाठी व्यक्तिगत निरोप करा.

---

स्टेथोस्कोप
14 नोव्हेंबर, सायंकाळी 7:02

कुणी लपवलेलं नाही. अमेरिकेत सरकारी पैशानं 1708 रुग्णांवर तपासलं गेलं, निकाल 2013 मध्ये छापला. थोडा फायदा दिसला, तोही मुख्यतः मधुमेहींत. म्हणून मधुमेह असलेल्या आणि अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांवर परत तपासलं, त्यात फायदा दिसला नाही. क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला ही 40 सलाइन सुचवताना तुम्ही ते किती आहे हेसुद्धा विचारलं नाहीत.

---

हुरडापार्टी
14 नोव्हेंबर, रात्री 8:15

लई भारी चाललाय धागा. एक अवांतर टाकतो, हाणू नका बे.

ही पट्ट्यांची कल्पना अमेरिकेत जन्मली, पण तीन पट्टे खालून वर फुगवायचं आजचं मशीन घडवण्यात मोठा वाटा चिनी डॉक्टरांचा, 1970-80 च्या दशकात. आणि चीनला डॉक्टर पाठवला कुणी? सोलापूरनं! द्वारकानाथ कोटणीस, जन्म 1910, इथलाच. 1938 ला गेले ते तिकडंच राहिले, 1942 ला वारले. संबंध काही नाही, पण भैय्या चौकातल्या स्मारकावरून जाताना आता मला हे मशीन आठवणार की.

---

जुळ्यासोलापूरची
15 नोव्हेंबर, दुपारी 3:50

माझ्या सासूबाईंचा कोर्स दोन वर्षांपूर्वी झाला. जे कुणी सांगत नाही ते सांगते.

पहिले तीन दिवस त्या रडकुंडीला आल्या होत्या. दर ठोक्याला अख्खं शरीर गादीवरून उचललं जातं. त्या म्हणायच्या, "रिक्षात बसून खड्ड्यातनं होटगी रोडला निघाल्यासारखं वाटतंय." चौथ्या दिवसापासून मात्र त्यावर झोपायला लागल्या!

आत घट्ट, शिवण नसलेली इजार लागते, नाहीतर कातडी घासून फोड येतात. सासूबाई साडीशिवाय कधी काही न नेसलेल्या, त्यांना पटवण्यात आमचे दोन दिवस गेले. शेवटी वर गाऊन घालून जमलं. आधी लघवीला जाऊन यायचं, कारण मध्येच हमखास लागते. मधुमेह असेल तर रोज रात्री पाय तपासा. आम्ही एक फोड दुर्लक्षित केला आणि आठवडाभर बैठका थांबल्या.

गुण? देवघरापासून गच्चीपर्यंत जाता यायला लागलं. आधी येत नव्हतं. चमत्कार म्हणणार नाही. आणि जी सून, लेक, मुलगा रोज घेऊन जाणार त्याच्या सात आठवड्यांचाही हिशेब खर्चात धरा. तो कुणीच धरत नाही.

---

फिजिओताई
15 नोव्हेंबर, रात्री 10:05

+1. आणखी एक बिनयंत्राचा उपचार राहिला : देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम. दुखायला लागण्याच्या अलीकडे थांबायचं, सुटं झालं की परत चालायचं. हळूहळू ती रेषा पुढं सरकते. सोलापुरात वेळ सांभाळा, पहाटेची थंडी नको आणि दुपारचं ऊन तर नकोच. जेवणानंतर दीड-दोन तास चालू नये. आंघोळीला कोमट पाणी आणि बसायला स्टूल द्या, हात डोक्यावर नेऊन पाणी ओतण्यात बराच जोर जातो. डॉक्टर हो म्हणत असतील तर चालायच्या पाच मिनिटं आधी सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवता येते, पण बसून. उभ्यानं घेतली की चक्कर येऊन पडणारे आम्ही बघतो.

---

रातराणी
16 नोव्हेंबर, दुपारी 12:15

अँजिओग्राफी 'क्लिअर' आणि तरी छाती दुखते, अशा आम्हा बायकांचाही एक धागा कुणीतरी काढा. मला तीन वर्षं 'टेन्शन घेऊ नका' एवढंच औषध मिळालं. शेवटी बारीक नळ्यांचा आजार निघाला.

---

खटखट्या
26 नोव्हेंबर, रात्री 10:30

अपडेट. आमच्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल वाढवलं, मोनोनायट्रेट सकाळी-दुपारी केलं. ईईसीपीला हो म्हणाले, पण दहा दिवस थांबून. "दोन्ही एकदम केलं तर कशानं बरं वाटलं तेच कळणार नाही." इको, सोनोग्राफी, डॉपलर झालं, झडप ठीक आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोजच्या चौकटीत सॉर्बिट्रेटचा आकडा लिहायला सांगितलाय. गेले तीन-चार दिवस 3, 3, 2, 3. म्हणजे गोळ्यांची वेळ बदलल्यावरच चार-पाचाचे तीनावर आले!

जाहिरातवाल्या केंद्रात नाही गेलो. तिथं तपासण्यांचं विचारलं तर "आधी पॅकेज बुक करा" म्हणाले. दुसरीकडे सुरू करतोय.

---

शंकासुर
27 नोव्हेंबर, सकाळी 9:20

तुमच्या डॉक्टरांना माझा दंडवत. दहा दिवस थांबायला सांगणारा डॉक्टर विरळा.

---

खटखट्या
17 डिसेंबर, रात्री 11:10

13 बैठका झाल्या. पहिल्याच दिवशी अण्णांनी मशीन चालवणाऱ्या पोराला पडद्यावरच्या लहरी समजावून सांगायला लावल्या. दोन उंचवटे दिसतात, एक हृदयाचा, दुसरा पट्ट्यांचा. दुसरा पहिल्यापेक्षा उंच व्हायला हवा म्हणे. आता अण्णा आल्या-आल्या गादीवर पडून मान वळवून तेच बघतात आणि "आज धोटा लवकर सुटतोय" असं बजावतात. पोरगाही त्यांना जॉबरसाहेब म्हणतो.

पाय दुखतात. डाव्या पोटरीवर लाल चट्टा आला होता, जुळ्यासोलापूरच्या ताईंचं आठवून त्याच दिवशी दाखवला, कापसाची पट्टी घातली, निभावलं. आकडे : 3, 2, 3, 2, 2. फार फरक नाही. लाखाचं काय केलं असं मध्यरात्री वाटतं, खोटं कशाला बोलू.

---

स्टेथोस्कोप
18 डिसेंबर, सकाळी 6:50

निम्मा कोर्सही झालेला नाही. फरक साधारण उत्तरार्धात जाणवतो. मात्र मध्येच बसल्याजागी दुखायला लागलं, रात्री झोपेतून उठवणारं दुखलं, किंवा गोळी घेऊन पाच मिनिटांत कमी झालं नाही, तर बैठक-बिठक विसरा, 108 ला फोन. तो निराळा आजार असतो, त्यावर हा उपचार नाही.

---

खटखट्या
20 जानेवारी, रात्री 9:45

35 पूर्ण झाल्या, मध्ये दोन दिवस मशीन बंद आणि संक्रांतीची सुट्टी धरून. शेवटच्या आठवड्याचे आकडे : 1, 0, 1, 1, 0, 2, 1. तो 2 चा दिवस गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचा.

अण्णा तरुणपणी यात्रेतल्या काठ्यांच्या (नंदीध्वजांच्या) मिरवणुकीबरोबर 68 लिंगांची प्रदक्षिणा करायचे. यंदा त्यांनी हट्टच धरला. मी म्हटलं मोटारसायकलवर नेतो, सिद्धेश्वरांचं लग्न लागतं त्या सम्मती कट्ट्यापासून लांब उभं राहायचं, अक्षता टाकायच्या आणि परत. गेलो. गर्दीत मोटारसायकल लांब लावावी लागली, चालणं ठरवल्याच्या दुप्पट झालं. एकदा एका दुकानाच्या पायरीवर बसले, गोळी घेतली. येताना दुसरी. आईनं मला घरात घेतलं नाही, अण्णांना घेतलं.

आंघोळ आता गोळीशिवाय होते. स्टुलाचं श्रेय किती आणि मशीनचं किती, माहीत नाही.

---

शंकासुर
21 जानेवारी, सकाळी 8:30

मशीनआधी 3, नंतर 1. माझ्या हिशेबात नाटकाचाही वाटा आहे, पण आंघोळ होतेय ना, मग मी गप्प बसतो.

---

हुरडापार्टी
21 जानेवारी, सकाळी 8:41

शंकासुर गप्प! धागा इतिहासात गेला.

---

खटखट्या
3 ऑगस्ट, रात्री 10:00

कुणीतरी निरोपातून विचारलं म्हणून लिहितोय. एप्रिल-मे मध्ये उन्हानं बीपी खाली जायचं, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. आकडा बहुतेक दिवशी 1 असतो, आठवड्यातून एखादा 2. इकोत पंपिंग 40 च आहे, वाढलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, परत 3 वर गेला तर कोर्स पुन्हा करता येतो, तेव्हा बघू.

अण्णांच्या त्या दोन घट्ट इजारी धुऊन ठेवल्यात, मध्यम मापाच्या, काळ्या. सोलापुरात कुणाचा कोर्स सुरू होणार असेल तर निरोप करा, घरी आणून देतो.